घरगुती ईडीएम यंत्र

घरगुती ईडीएम यंत्र म्हणजे हौशी कारागिराने किंवा लहान कर्मशाळेने स्वतः जुळवलेले, विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारे यंत्र होय. ‘ईडीएम’ हे ‘इलेक्ट्रिकल डिस्चार्ज मशिनिंग’ या नावाचे लघुरूप असून मराठीत या प्रक्रियेला विद्युत विसर्जन यंत्रण असे म्हणता येते. कारखान्यांतील बोलीभाषेत ‘स्पार्क इरोजन’ किंवा नुसते ‘स्पार्क मशीन’ हे शब्द रूढ आहेत. या प्रक्रियेत हत्यार आणि जॉब यांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. त्यामुळे धातू विजेचा वाहक असला की पुरे. तो किती कठीण आहे याला महत्त्व उरत नाही. पाणी दिलेले कठीण पोलाद, टंगस्टन कार्बाइड आणि जॉबमध्ये तुटून अडकलेला टॅप यांवर साधे ड्रिल चालत नाही, तेथे ही पद्धत उपयोगी पडते.

लहान कर्मशाळेत असे यंत्र बांधण्याचे सर्वांत सामान्य कारण तुटलेला टॅप हेच असते. आटे पाडण्याचे काम बहुधा शेवटी येते. त्या वेळी टॅप तुटला, तर आधीच्या सर्व कामाची मजुरी आणि मालाची किंमत पणाला लागते. यंत्राचा विद्युत भाग तुलनेने सोपा असतो. हत्यार व जॉब यांतील केसाहून बारीक फट सतत राखणे हा बांधणीतील कठीण भाग होय, तर ज्वालाग्राही द्रव आणि घरातील वीजपुरवठा हा त्यातील धोक्याचा भाग होय.

इतिहास

विजेच्या ठिणगीने धातूचा पृष्ठभाग झिजतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी अठराव्या शतकात नोंदवले होते. या झिजेचा हेतुपुरस्सर उपयोग मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. सोव्हिएत संघातील बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे शास्त्रज्ञ दांपत्य विजेच्या संपर्कबिंदूंची ठिणग्यांमुळे होणारी झीज कशी टाळावी, याचा अभ्यास करीत होते. द्रवात बुडवलेल्या संपर्कबिंदूंची झीज अधिक नियमित होते, असे त्यांना आढळले. जी झीज थांबवायची होती, तिचाच धातू कोरण्यासाठी उपयोग करण्याची पद्धत त्यांनी १९४३ मध्ये मांडली. रोधक आणि धारित्र यांवर आधारलेले त्यांचे साधे मंडल ‘लाझारेंको मंडल’ म्हणून ओळखले जाते. बहुतेक घरगुती यंत्रांत आजही तेच वापरले जाते.

त्याच सुमारास अमेरिकेत हॅरोल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर या तिघांनी स्वतंत्रपणे याच दिशेने काम केले. त्यांच्यापुढील प्रश्न जॉबमध्ये तुटलेले टॅप आणि ड्रिल काढण्याचा होता. पुढे स्वित्झर्लंड, जपान आणि अमेरिका येथील उत्पादकांनी या तंत्राला औद्योगिक रूप दिले. अर्धसंवाहक आल्यावर ठिणगीचा कालावधी आणि दोन ठिणग्यांमधील विराम स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागला. तारेने कापणारी ‘वायर कट’ यंत्रेही याच कुळातील होत. भारतात ईडीएम यंत्रे बनवणाऱ्यांत पुण्याच्या इलेक्ट्रॉनिका आणि स्पार्कोनिक्स या कंपन्यांचा समावेश होतो.

हौशी कारागिरांसाठी या विषयावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तके आहेत. त्यांपैकी रॉबर्ट लँगलॉइस आणि बेन फ्लेमिंग यांची पुस्तके घरी यंत्र बांधू पाहणाऱ्यांमध्ये विशेष परिचित आहेत.

कार्यतत्त्व

हत्यार आणि जॉब हे दोन्ही वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले असतात. त्यांना एकदिश प्रवाहाच्या स्रोताची दोन टोके जोडतात. दोघांतील फट पुरेशी कमी झाली की द्रवाचा विद्युतरोध त्या अरुंद जागी कोसळतो आणि ठिणगी पडते. ठिणगीच्या मार्गातील तापमान काही क्षण ८,००० ते १२,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. तेथील धातूचा सूक्ष्म ठिपका वितळतो व काही अंशी त्याची वाफ होते. ठिणगी विझताच वितळलेला धातू बाहेर फेकला जातो, द्रवात थिजतो आणि बारीक कण बनतो. जॉबवर एक खळगा उरतो. असे लाखो खळगे एकमेकांवर पडत गेले की हत्याराच्या आकाराची पोकळी तयार होते.

प्रत्येक ठिणगी त्या क्षणी सर्वांत कमी अंतर असलेल्या जागी पडते. तेथील धातू गेला की अंतर वाढते आणि पुढची ठिणगी दुसरीकडे पडते. त्यामुळे हत्याराचा आकार जॉबमध्ये आपोआप उमटत जातो. फट साधारण ०.०१ ते ०.०५ मिलिमीटर असते. पाडलेले भोक हत्यारापेक्षा दोन्ही बाजूंच्या फटीइतके मोठे होते; ३ मिमी व्यासाच्या हत्याराभोवती ०.०५ मिमी फट असेल, तर भोक ३.१ मिमी होते. हत्यार बनवताना हा फरक आधीच वजा करावा लागतो.

विद्युत मंडल

लाझारेंको मंडलात एकदिश प्रवाह एका रोधकातून धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, भरला जातो. धारित्राची दोन टोके हत्याराला आणि जॉबला जोडलेली असतात. धारित्रातील दाब पुरेसा चढला की फटीत ठिणगी पडते, धारित्र रिकामे होते आणि पुन्हा भरू लागते. ठिणगी सुरू वा बंद करण्यासाठी वेगळ्या स्विचची गरज लागत नाही.

उदाहरणादाखल ४० व्होल्ट दुय्यम दाबाचे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, घेतले तर ब्रिज रेक्टिफायर आणि गाळणीच्या धारित्रानंतर सुमारे ५६ व्होल्ट एकदिश दाब मिळतो. २० ओहमचा रोधक आणि १० मायक्रोफॅरडचे ठिणगी-धारित्र जोडले, तर पुढील आकडे येतात.

• हत्यार जॉबला टेकल्यास रोधकातून वाहणारा प्रवाह : २.८ अँपिअर
• त्या स्थितीत रोधकात निर्माण होणारी उष्णता : सुमारे १५७ वॉट
• ठिणगी पडतानाचा अनुकूल दाब, म्हणजे स्रोताच्या सुमारे ७२ टक्के : ४० व्होल्ट
• एका ठिणगीची ऊर्जा : ८ मिलीज्यूल
• दर सेकंदाला पडणाऱ्या ठिणग्या : सुमारे ३,९००
• फटीला मिळणारी शक्ती : सुमारे ३१ वॉट

स्रोतातून घेतलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून अधिक शक्ती रोधकातच उष्णतारूपाने जाते. म्हणून रोधक तारेच्या गुंडाळीचा, मोठ्या क्षमतेचा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवलेला असावा लागतो.

धारित्राची क्षमता बदलली की कामाचे स्वरूप बदलते. १० ऐवजी १ मायक्रोफॅरड घेतल्यास ठिणगीची ऊर्जा दहा पटींनी घटते, खळगे लहान पडतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. आरंभी मोठे आणि अखेरीस लहान धारित्र वापरण्याची रीत यामुळेच पडली आहे. ठिणगीसाठी फिल्म प्रकारची धारित्रे योग्य ठरतात. छताच्या पंख्याला लागणारी २.५ मायक्रोफॅरडची चार धारित्रे समांतर जोडली की १० मायक्रोफॅरड मिळतात. दर सेकंदाला हजारो वेळा भरून रिकामी होताना ती तापतात, म्हणून कामाच्या दरम्यान त्यांचे तापमान पाहत राहावे लागते. मोटर सुरू करताना वापरली जाणारी इलेक्ट्रोलायटिक धारित्रे या कामाला चालत नाहीत.

या मंडलात ठिणगी अत्यल्प काळाची असते आणि अशा ठिणगीत धन टोकाची झीज अधिक होते. म्हणून जॉब धन टोकाला आणि हत्यार ऋण टोकाला जोडतात. जोडणी उलटी झाली, तर जॉबऐवजी हत्यारच भराभर झिजते. नवीन बांधलेल्या यंत्राने काम होत नसेल, तर ही जोडणी प्रथम तपासतात.

फट राखणारी यंत्रणा

हत्यार स्थिर ठेवले, तर धातू झिजून फट वाढते आणि ठिणग्या थांबतात. ते हाताने खाली दाबले, तर जॉबला टेकते. त्या क्षणी ठिणगीऐवजी नुसता प्रवाह वाहू लागतो आणि काम बंद पडते. त्यामुळे फटीचा अंदाज घेऊन हत्यार सतत वर-खाली करणारी सर्वो यंत्रणा लागते.

हा अंदाज फटीवरील सरासरी दाबावरून घेतात. फट मोठी असेल तर दाब स्रोताइतका, म्हणजे वरील उदाहरणात ५६ व्होल्टच्या जवळ राहतो. हत्यार टेकले असेल तर तो शून्याजवळ येतो. काम नीट चालू असताना तो या दोहोंच्या दरम्यान असतो. नियंत्रकाला एक मधली पातळी ठरवून दिलेली असते. दाब तिच्या वर गेला की हत्यार एक पाऊल खाली येते, खाली गेला की वर उचलले जाते आणि शून्याजवळ पोहोचला की वेगाने मागे घेतले जाते.

पूर्वीच्या घरगुती यंत्रांत हे काम विद्युतचुंबक व स्प्रिंग किंवा छोट्या एकदिश मोटरकडे असे. आता स्टेपर मोटर आणि आर्डुइनोसारखा सूक्ष्मनियंत्रक वापरणे सुलभ झाले आहे. एका फेऱ्यात २०० पावले टाकणारी मोटर १ मिमी अंतराच्या आट्याच्या स्क्रूला जोडली, तर एका पावलात हत्यार ०.००५ मिमी सरकते. हे अंतर फटीपेक्षा बरेच लहान असल्याने नियंत्रण शक्य होते. मात्र स्क्रू आणि नट यांत ढिलेपणा असेल, तर हिशेबातील अचूकता प्रत्यक्षात उतरत नाही. मोटर दिशा बदलते, परंतु हत्यार जागचे हलत नाही. स्प्रिंग किंवा वजनाचा ताण देऊन हा ढिलेपणा एका बाजूला घेतात. अयशस्वी ठरलेल्या घरगुती यंत्रांचा दोष अनेकदा विद्युत मंडलात नसून या सरकत्या भागात असतो.

रचना आणि साहित्य

सांगाडा म्हणून जुन्या ड्रिल मशीनचा खांब आणि पाया सोयीचा पडतो. हत्यार धरणारा भाग सांगाड्यापासून विद्युतदृष्ट्या वेगळा ठेवावा लागतो. त्यासाठी हायलम शीट किंवा नायलॉनचा तुकडा वापरतात. जॉब, टाकी आणि सांगाडा एकमेकांना जोडून अर्थ केलेले असतात. टाकी पत्र्याची असते. आग लागल्यास वितळणारे प्लॅस्टिकचे भांडे वापरू नये.

हत्यारासाठी तांबे, पितळ किंवा ग्रॅफाइट घेतात. तांबे कमी झिजते. पितळ सहज घडवता येते, परंतु लवकर झिजते. भोक पाडण्यासाठी पोकळ नळी उत्तम, कारण तिच्यातून द्रव सोडता येतो. हा प्रवाह महत्त्वाचा आहे. सुटे झालेले कण फटीत साचले, तर ठिणग्या त्या कणांतूनच एका जागी पडत राहतात, पृष्ठभाग जळल्यासारखा काळा पडतो आणि भोक वाकडे होते. मोटारगाडीचा इंधनपंप आणि कागदी इंधनगाळणी या कामाला पुरते. साधी रबरी नळी रॉकेलमध्ये फुगते, म्हणून इंधनासाठी बनवलेली नळी लागते.

तुटलेला टॅप काढणे

तुटलेला टॅप संपूर्ण झिजवण्याची गरज नसते. त्याचा मधला गाभा गेला की कडेचे दातेरी तुकडे सुटे होतात आणि चिमट्याने किंवा चुंबकाने निघतात. त्यामुळे हत्याराचा व्यास गाभ्याइतका घेतात आणि तो आट्याच्या व्यासापेक्षा बराच कमी असतो. हत्यार टॅपच्या केंद्रावर आणणे ही पहिली पायरी होय. केंद्र चुकल्यास ठिणग्या जॉबमधील आटे खातात आणि वाचवायचे होते तेच बिघडते. यानंतर जॉब द्रवात बुडवून, लहान ऊर्जेने आरंभ करून, खोली वाढेल तसा प्रवाह व उचल वाढवतात. घरगुती यंत्रावर या कामाला काही तास लागू शकतात. मात्र त्या काळात यंत्र सोडून जाणे योग्य नाही.

मर्यादा

वीज न वाहणाऱ्या पदार्थांवर ही पद्धत चालत नाही. औद्योगिक यंत्राच्या तुलनेत घरगुती यंत्राचा वेग फार कमी असतो. हत्यारही झिजत असल्याने खोल पोकळीचे कोपरे गोलसर होतात आणि अचूक कामासाठी एकाच आकाराची दोन-तीन हत्यारे लागतात. ठिणगीने कोरलेल्या पृष्ठभागावर पुन्हा थिजलेल्या धातूचा पातळ, कठीण आणि ठिसूळ थर राहतो. त्यात सूक्ष्म भेगाही असू शकतात. भार वाहणाऱ्या भागावरील हा थर घासून काढावा लागतो. ठिणग्यांमुळे रेडिओच्या ग्रहणात खरखर येते. हा अडथळा धातूच्या आवरणाने कमी होतो.

सुरक्षितता

वीज : रोहित्र न वापरता घरातील २३० व्होल्ट पुरवठा थेट एकदिश केल्यास सुमारे ३२५ व्होल्ट दाब मिळतो आणि तो उघड्या हत्यारावर येतो. अशी मांडणी प्राणघातक आहे. स्वतंत्र गुंडाळ्यांचे रोहित्र अनिवार्य आहे. ऑटो ट्रान्सफॉर्मर किंवा डिमरस्टॅट त्याची जागा घेऊ शकत नाही. घरातील गळतीरक्षक स्विच रोहित्राच्या प्राथमिक बाजूचे रक्षण करतो. दुय्यम बाजूच्या दोन टोकांना एकाच वेळी हात लागल्यास तो पडत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. गाळणीचे धारित्र १०,००० मायक्रोफॅरडचे असेल, तर त्यात ५६ व्होल्टला सुमारे १६ ज्यूल ऊर्जा साठते. ही ऊर्जा एका ठिणगीच्या जवळपास दोन हजार पट आहे. यंत्र बंद केल्यावरही ती टिकून राहते. त्यावर २.२ किलोओहमचा रोधक कायम जोडल्यास सुमारे दोन मिनिटांत दाब एका व्होल्टच्या खाली येतो.

आग : घरगुती यंत्रांत स्वस्त आणि सुलभ म्हणून रॉकेल वापरले जाते. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा प्रज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधील तापमान या आकड्यापर्यंत सहज पोहोचते. ईडीएमसाठी खास मिळणाऱ्या तेलांचा प्रज्वलनांक याहून बराच अधिक असल्याने ती अधिक सुरक्षित ठरतात. ठिणगी द्रवाच्या पृष्ठभागापाशी पडली तर आग लागते. म्हणून काम किमान ४ ते ५ सेंटीमीटर खोल बुडालेले असावे. पातळी घटताच वीजपुरवठा तोडणारा तरंगता स्विच बसवणे आवश्यक आहे. रॉकेलच्या आगीवर पाणी टाकू नये; कोरड्या भुकटीचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक हाताशी असावा. ठिणगीने रॉकेलचे विघटन होऊन हायड्रोजनसारखे ज्वालाग्राही वायू सुटतात, त्यामुळे खोलीत वारा खेळता हवा. शिधापत्रिकेवर मिळणारे निळे रॉकेल केवळ स्वयंपाक व दिवाबत्तीसाठी असते. १९९३ च्या केंद्रीय आदेशानुसार त्याचा अन्य वापर करता येत नाही.

गाळ : वापरलेल्या द्रवात पोलादातील क्रोमियम, कोबाल्ट यांसारख्या धातूंचे बारीक कण असतात. हातमोज्यांशिवाय त्यात हात घालू नये आणि तो द्रव मोरीत किंवा नाल्यात ओतू नये.

अंबरनाथ–पालेगाव परिसर

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ हे यंत्रकामाची दीर्घ परंपरा असलेले शहर आहे. येथे आयुध निर्माणी असून, यंत्रांचे आदिनमुने घडवण्यासाठी १९५३ मध्ये स्थापन झालेली ‘मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी’ही येथेच आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यावर ती आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीकडे गेली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे शहरात आणि पूर्वेकडील आनंदनगर–पालेगाव बाजूला लहान-मोठे कारखाने वाढले. साचे, डाय आणि सुटे भाग बनवणाऱ्या कर्मशाळा हा अशा वसाहतींचा नेहमीचा घटक असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील टूल अँड डाय मेकर या व्यवसायाच्या अभ्यासक्रमात ईडीएमचा समावेश आहे. त्यामुळे या तंत्राची ओळख असलेले कारागीर अशा परिसरात आढळतात.

या भागातून यंत्राचे साहित्य जमवणे अवघड नाही. मध्य रेल्वेने मुंबईला गेल्यास लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आणि नागदेवी स्ट्रीटवर हत्यारे व यंत्रसामग्री मिळते. जुन्या प्रिंटरमधील स्टेपर मोटर भंगारातूनही मिळू शकते.

पालेगावचे स्वरूप मात्र अलीकडच्या काळात पालटले आहे. कारखान्यांच्या शेजारी गृहसंकुले उभी राहिली आहेत. रॉकेलची टाकी आणि सतत पडणाऱ्या ठिणग्या असलेले यंत्र सदनिकेच्या बाल्कनीत किंवा जिन्याखाली चालवणे म्हणजे शेजाऱ्यांनाही धोक्यात घालणे होय. असे यंत्र स्वतंत्र, हवेशीर आणि जमिनीलगतच्या कर्मशाळेतच ठेवावे लागते.

गाळाचा प्रश्नही येथे विशेष गंभीर आहे. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरातून जाते आणि औद्योगिक सांडपाण्यामुळे ती अत्यंत प्रदूषित झाली आहे. २०१४ मध्ये या नदीत रासायनिक द्रव सोडल्यामुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना त्रास झाला होता. एका घरगुती यंत्रातून निघणारा गाळ काही लिटरच असतो, परंतु नाल्यात ओतलेला असा द्रव अखेर नदीलाच मिळतो. तो बंद डब्यात साठवून धोकादायक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे देणे हा योग्य मार्ग होय. औद्योगिक धोकादायक कचऱ्यासाठी मुंबई परिसरात तळोजा येथे सामाईक प्रक्रिया केंद्र आहे. ज्या कारखान्याचा कचरा तेथे नियमितपणे जातो, त्याच्यामार्फत लहान कर्मशाळेला आपल्या गाळाची चौकशी करता येते.

हे सुद्धा पहा

• अंबरनाथ
• औद्योगिक प्रशिक्षण संस्था
• धारित्र
• रोहित्र
• वालधुनी नदी
• स्टेपर मोटर